गाडी कोणती, ते आधी सांगा : नाशिकच्या लाइट रेलविषयी खुले पत्र

प्रति,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन
महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन (महामेट्रो)
आयुक्त, नाशिक महानगरपालिका

महोदय, महोदया,

१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. राज्य मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला २०१९ मध्येच मान्यता दिली होती. गंगापूर ते नाशिकरोड सुमारे २२ किलोमीटर आणि गंगापूर ते मुंबई नाका सुमारे १० किलोमीटर, असे दोन उन्नत मार्ग, तीसच्या आसपास स्थानके आणि वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या रबरी टायरच्या जोडगाड्या. हे नकाशे वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आले की नाशिककरांना स्थानकांची नावे पाठ झाली. जागेवर मात्र अजून एक खांब उभा नाही.

उशिराबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. आमची तक्रार त्याहून खोल आहे. कधी निओ, कधी मेट्रोलाइट (रुळावरची हलकी मेट्रो, म्हणजे लाइट रेल), कधी नेहमीची मेट्रो अशी चर्चा शहरात चालू राहते आणि प्रत्येक वेळी बोलणे मार्गावर, खांबांवर आणि स्थानकांवरच थांबते. गाडी नेमकी कोणती, किती घेणार, कोण बनवणार, बिघडली तर कुठे दुरुस्त होणार आणि वीस वर्षांनी तिचे सुटे भाग कोण देणार, याचे उत्तर नागरिकांसमोर कोणी ठेवत नाही. लोक खांबात बसून प्रवास करत नाहीत, गाडीत बसून करतात. म्हणून हे पत्र गाड्यांविषयी आहे.

आम्ही नाशिकमध्ये राहणारे, वाहने, विद्युत यंत्रे आणि रेल्वेच्या कामाशी संबंध असलेले अभियंते, तंत्रज्ञ आणि रोजचे प्रवासी आहोत. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांना जाणारी माणसे आमच्या घरात आहेत. नाशिकरोडला गाडी पकडायची तर द्वारका चौकातल्या कोंडीसाठी अर्धा तास हाताशी ठेवून निघावे लागते, हे आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. या शहराला रुळावरची गाडी नवीन नाही. १८८९ मध्ये मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, ही तेव्हाची अडचण होती. आजही तीच आहे, फक्त मधल्या जागेत लाखो लोकांची वस्ती झाली आहे.

आता मुद्द्यांकडे.

१. गाडी ठरल्याशिवाय बांधकाम ठरू शकत नाही

आपल्याकडे आधी स्थापत्य काम आणि मग गाड्यांची निविदा, अशी सवय आहे. लाइट रेलमध्ये हा क्रम महागात पडतो. लो-फ्लोअर ट्रामचा तळ रुळापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर असतो, तर नेहमीच्या मेट्रोचा १ मीटरच्याही वर. फलाट एकदा काँक्रीटमध्ये ओतला की तो कोणत्या गाडीचा, हे कायमचे ठरले. ट्राम २५ मीटर त्रिज्येच्या वळणावरूनही जाऊ शकते. मेट्रोला त्याच्या चौपट-पाचपट त्रिज्या लागते. सारडा सर्कल किंवा मायको सर्कलजवळ वळण घ्यायचे असेल, तर या एका आकड्यावर किती इमारतींना हात लागणार ते ठरते. नेहमीच्या मेट्रोचा अ‍ॅक्सलभार (चाकांच्या एका जोडीवर येणारे वजन) १६-१७ टन असतो, हलक्या रेल्वेचा १२ टनांच्या आसपास. म्हणजे खांबातले लोखंडही गाडीवरच ठरणार. रबरी टायरच्या गाडीला वर दोन तारा लागतात, कारण तिचा परतीचा प्रवाह रुळातून जाऊ शकत नाही. लोखंडी चाकाच्या गाडीला एक तार पुरते, पण मग रुळातून जमिनीत झिरपणारा प्रवाह आजूबाजूच्या जलवाहिन्या आणि खांबातल्या सळया कुरतडणार नाही, याची तजवीज रूळ टाकतानाच करावी लागते.

यातले काहीही नंतर बदलता येत नाही. ‘आधी व्हायाडक्ट (खांबांवरचा उन्नत मार्ग) बांधू, गाडीचे नंतर बघू’ असे कोणी सुचवत असेल, तर आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे.

२. किती गाड्या? हिशेब मांडून दाखवा

ताफ्याची संख्या ही अंदाजाने लिहायची गोष्ट नाही. ती चार आकड्यांतून निघते : मार्गाची लांबी, थांब्यांसह सरासरी वेग, टोकाला गाडी वळवण्याचा वेळ आणि दोन गाड्यांमधले अंतर. कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन करता येईल असा हा हिशेब आहे, म्हणून इथे करून दाखवतो.

गंगापूर–नाशिकरोड २२ किलोमीटर धरा. थांब्यांसह सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर मिळाला, तर एका दिशेला ४४ मिनिटे लागतील. जाऊन-येऊन ८८, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटे, एकूण फेरी ९८ मिनिटांची. दर चार मिनिटांनी गाडी हवी असेल तर ९८ भागिले ४, म्हणजे २५ गाड्या एकाच वेळी मार्गावर पाहिजेत. मुंबई नाक्याच्या १० किलोमीटरच्या मार्गावर हाच हिशेब ५० मिनिटांच्या फेरीचा आणि १३ गाड्यांचा. एकूण ३८. त्यात देखभालीसाठी बाजूला राहणाऱ्या १२ टक्के, म्हणजे ५, आणि अचानक बिघाड झाला तर लगेच सोडायला तयार ठेवलेल्या २ मिळवा. ४५ गाड्या झाल्या.

आता सरासरी वेग ३० ऐवजी २४ निघाला, तर पहिल्या मार्गाची फेरी १२० मिनिटांची होते आणि ३० गाड्या लागतात. दुसऱ्या मार्गाला १५. राखीव धरून एकूण ५३. वेगात सहा किलोमीटरची घट म्हणजे आठ गाड्या जास्तीच्या, आणि त्या न घेतल्यास प्रवाशाला चारऐवजी पाच मिनिटे थांबावे लागणार, गर्दी त्या प्रमाणात वाढणार.

वेग कुठे जातो? बहुतेक वेळा दारात. २० स्थानकांच्या मार्गावर मधले थांबे १८. एका थांब्यावर २० ऐवजी ३५ सेकंद लागले, तर एका दिशेला साडेचार मिनिटे जातात, पूर्ण फेरीत नऊ. दर चार मिनिटांच्या वेळापत्रकात हे दोन गाड्यांहून जास्त नुकसान आहे. गाडीचे दार सव्वा मीटर रुंद आहे की पाऊण मीटर, गाडीला दारे चार आहेत की सहा, गाडीचा तळ आणि फलाट यांत पायरी आहे की नाही, तिकीट गाडीत काढायचे की फलाटावर येण्याआधी, या बारीक वाटणाऱ्या गोष्टींतून त्या दोन गाड्या वाचतात किंवा वाया जातात. व्हीलचेअरवरचा माणूस आणि डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई कोणाच्या मदतीशिवाय चढू शकली, तर गाडी वेळेवर सुटते. सोय आणि वेळापत्रक यांचे नाते इतके सरळ आहे.

क्षमतेच्या आकड्यांचेही तसेच. २५ मीटरच्या जोडगाडीत २४०-२५० प्रवासी, असे सांगितले जाते. ही खचाखच भरलेल्या गाडीची संख्या आहे. दर चौरस मीटरमागे उभे प्रवासी किती धरले, ते सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. दर चार मिनिटांनी अशी गाडी सोडली तर तासाला एका दिशेने ३,६०० माणसे जातील. मेट्रो निओची कमाल गरज तासाला एका दिशेने ८,००० प्रवाशांपर्यंत धरली जाते. ती खरोखर गाठायची तर दर १०८ सेकंदांनी गाडी सोडावी लागेल आणि एकट्या नाशिकरोड मार्गावर ५५ गाड्या आणि ५५ चालक एकाच वेळी कामावर लागतील. तीनशे प्रवाशांच्या दोन लाइट रेल गाड्या एकमेकींना जोडून चालवल्या, तर तेवढीच माणसे दर साडेचार मिनिटांनी सुटणाऱ्या २२ जोड्यांतून जातात. गाड्या ४४ लागतील, चालक मात्र २२. पाळ्या, सुट्ट्या धरून एका गाडीमागे साधारण तीन चालक लागतात. म्हणजे एकीकडे १६५ जणांचा पगार, दुसरीकडे ६६ जणांचा, आणि तो तीस वर्षे.

यावरून लाइट रेलच घ्या, असा आमचा हट्ट नाही. ३,६०० प्रवाशांचीच गरज असेल तर रबरी टायरची गाडी स्वस्त आणि पुरेशी आहे. पण गरज किती, हे कोणत्या वर्षाच्या कोणत्या मोजणीवरून ठरवले, ते लोकांना दाखवा.

३. एकाच कारखान्यावर अवलंबून राहू नका

ही आमची सर्वांत मोठी चिंता आहे, आणि तिचे कारण दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर मुंबईत आहे. मोनोरेलचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. गाड्या एका परदेशी कंपनीच्या, गाडी जिच्यावर धावते ती तुळई त्याच गाडीच्या मापाची, सुटे भाग त्याच कंपनीचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन डब्यांना आग लागली आणि सेवा कित्येक महिने बंद राहिली. पुढे कंत्राट मोडले, सुटे भाग मिळेनात, चालू स्थितीतल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. दुसरीकडून गाडी आणावी, तर ती त्या तुळईवर बसणार नाही, म्हणून नव्याने गाड्या बनवून घ्याव्या लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सेवा पुन्हा थांबवण्यात आली.

रबरी टायरच्या ‘मार्गदर्शित’ गाड्यांचा परदेशातला अनुभवही असाच आहे. फ्रान्समध्ये नान्सी आणि काँ या दोन शहरांनी रस्त्याच्या मधोमध एकच दिशादर्शक रूळ असलेली टायरची ट्राम घेतली. त्या दोन शहरांपलीकडे तिला गिऱ्हाईक मिळाले नाही, उत्पादन थांबले. काँने २०१७ च्या अखेरीस ती बंद करून साधी लोखंडी चाकाची ट्राम आणली. नान्सीने २०२३ मध्ये बंद केली आणि साध्या ट्रॉलीबसकडे (वरच्या तारेवर चालणारी, रूळ नसलेली बस) वळले. चीनमध्ये तियानजिन आणि शांघाय इथल्या एकरुळी टायर-ट्रामही २०२३ मध्ये बंद झाल्या. याउलट ज्यूरिख, लुझर्न, लिंझ या शहरांत २५ मीटरच्या दुहेरी जोड असलेल्या ट्रॉलीबस रोज धावतात. त्यांत गूढ काही नाही. तारा ठरलेल्या मापाच्या, टायर बाजारात मिळणारे, आणि एक कारखाना बंद पडला तर दुसऱ्याची गाडी त्याच तारेखाली उद्या चालू शकते.

नाशिकसाठी कसोटी हीच असली पाहिजे : या मार्गावर किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांची गाडी काहीही न तोडता चालू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गाडी कितीही देखणी असो, घेऊ नये.

सुट्या भागांचे प्रत्यक्षात काय होते, तेही सांगतो. गाडी बंद पडते ती क्वचितच मोटर जळाल्याने. ती उभी राहते इन्व्हर्टरमधल्या एका पॉवर मोड्यूलसाठी, दाराच्या नियंत्रण कार्डासाठी, दोन डब्यांमधल्या भात्यासाठी, समोरच्या वक्र काचेसाठी, गिअरबॉक्सच्या बेअरिंगसाठी. यांतला प्रत्येक भाग ऑर्डर दिल्यावर यायला कित्येक महिने लागू शकतात. मग डेपोत एक गाडी ‘दाता’ बनते : तिचा भाग काढून दुसरीला लावतात, मग तिसरीला, आणि वर्षभरात ती गाडी सांगाडा होऊन कोपऱ्यात उभी राहते. एकदा ही सवय लागली की ताफा दरवर्षी दोन-तीन गाड्यांनी घटत जातो. कागदावर मात्र संख्या तीच राहते.

दुसरे असे की गाडीचे निदान आता संगणकावर होते. त्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड पुरवठादाराकडेच राहिला, तर साध्या सेन्सरच्या बिघाडासाठीही त्याच्या माणसाची वाट बघावी लागते. गाडीचा सांगाडा ३० वर्षे टिकतो, पण त्यातली इलेक्ट्रॉनिक्स १२-१५ वर्षांत कालबाह्य होते. तेव्हा काय करायचे, ते खरेदीच्या दिवशीच करारात लिहिलेले हवे. टायरच्या गाडीचे आयुष्य तर १५ ते २० वर्षांचेच असते, म्हणजे ३० वर्षांत ताफा दोनदा विकत घ्यायचा आहे. तुलनेच्या तक्त्यात ही दुसरी खरेदी आम्हाला कुठेच दिसलेली नाही. ती न धरता निओ स्वस्त म्हणणे बरोबर नाही.

४. टायर आणि चाक, दोघांचीही दुखणी उघड मांडा

टायरची गाडी चढ चांगला चढते, आवाज कमी करते, लवकर थांबते. पण ती एकाच रेषेवरून रोज शेकडो वेळा गेली की त्या दोन पट्ट्यांत चर पडतात. डांबरावर तर नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते फार लवकर पडतील. म्हणून धावपट्टी काँक्रीटचीच हवी आणि सांध्यांची देखभाल दरवर्षी हवी. चरात पावसाचे पाणी साचले की टायरची पकड जाते. दुहेरी तारेवर दांडा लावून धावणाऱ्या गाडीत आणखी एक अडचण असते. सीबीएससारख्या (मध्यवर्ती बसस्थानक) ठिकाणी, जिथे दोन्ही मार्ग भेटतात, तिथे तारांचे सांधे येतात. त्याखालून गाडी हळू न्यावी लागते, नाहीतर दांडा तारेवरून सुटतो. दांड्याच्या टोकाचा कार्बनचा तुकडा कोरड्या हवेत बरेच दिवस टिकतो, पावसाळ्यात मात्र झपाट्याने झिजतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो रोज तपासणारा माणूस आणि पुरेसा साठा डेपोत नसेल, तर तारच कापली जाते आणि मग एक गाडी नाही, संपूर्ण मार्ग बंद पडतो.

लोखंडी चाकाचे दुखणे वेगळे. पहिल्या पावसात रुळावरची धूळ आणि तेल भिजून निसरडा थर तयार होतो. चालकाने जोरात ब्रेक लावला की चाक फिरायचे थांबते आणि रुळावर घासत जाते. तेवढ्याने चाकावर रुपयाएवढी सपाट जागा तयार होते. मग प्रत्येक फेऱ्याला ठक्-ठक् आवाज, त्या धक्क्याने बेअरिंग आणि रूळ दोन्ही खराब. यावर उपाय तीन : रुळावर वाळू सोडणारी यंत्रणा चालू ठेवणे, चाक घसरू न देणारी ब्रेक-प्रणाली, आणि डेपोत जमिनीखाली बसवलेली चाक-लेथ, जिच्यावर बोगी (चाके बसवलेला खालचा सांगाडा) न काढता चाक कातता येते. एकाच बोगीची चाके समान व्यासाची राहिली पाहिजेत, म्हणून एक बिघडले तरी सगळी कातावी लागतात. खर्च वाचवण्यासाठी सुरुवातीला ही लेथ वगळली, तर बोगी काढून ट्रकमधून दुसऱ्या शहरात पाठवावी लागेल आणि तोवर गाडी ठोकळ्यांवर उभी. वाळूचेही साधेसे वाटते, पण ती कोरडी आणि चाळलेली लागते. ओली वाळू नळीत अडकली की ऐन पावसात यंत्रणा निकामी.

५. मधेच अडकलेल्या गाडीतून माणसे कशी उतरवणार?

१९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात मुंबईत मोनोरेल दोन स्थानकांच्या मधे थांबली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून बाहेर काढले. क्षमता १०४ टनांची असताना भार १०९ टनांपर्यंत गेला होता, असे तेव्हा सांगण्यात आले. बाकीची वाहतूक बंद असताना लोक मिळेल त्या गाडीत चढणारच. भार मोजून दार बंद होऊ न देण्याचे काम गाडीने करायचे असते. एअर सस्पेन्शनच्या दाबावरून भार कळतो. मर्यादा ओलांडली की आधी सूचना, मग गाडी सुटूच नये, अशी रचना कठीण नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीज गेली तरी गाडी स्वतःच्या बॅटरीवर पुढच्या स्थानकापर्यंत सरकू शकली पाहिजे. भरलेली, वातानुकूलन बंद करून, चढावरही. एका गाडीने दुसरीला ढकलत नेता यावे म्हणून सगळ्या गाड्यांचे कपलर (गाड्या जोडणारे सांधे) एकाच उंचीचे आणि एकाच जातीचे हवेत. पुढे दुसऱ्या कंपनीच्या गाड्या घेतल्या तरीही. उन्नत मार्गाच्या कडेने चालायला सलग वाट हवी. ती नकाशात आहे का, एवढे एक उत्तर तरी लगेच द्यावे.

६. डेपो ही उरलेल्या जागेत बसवायची गोष्ट नाही

पंचेचाळीस गाड्या, प्रत्येकी २५ मीटर, मधे दोन मीटर सोडून उभ्या करायच्या तर नुसती ओळच सव्वा किलोमीटरची होते. त्याशिवाय खालून तपासायला खड्ड्याच्या मार्गिका, छतावरची उपकरणे बघायला उंच चौथरे (लो-फ्लोअर गाडीचे जवळजवळ सगळे विद्युत उपकरण छतावर असते), गाडी उचलायचे जॅक, धुण्याची जागा आणि ते पाणी पुन्हा वापरण्याची सोय, सुट्या भागांचे गोदाम. रात्री अकरा-साडेअकराला शेवटची गाडी आत येते आणि पहाटे साडेपाचला पहिली निघते. मधल्या सहा तासांत सगळा ताफा पाहून, झाडून, धुऊन तयार करायचा असतो. डेपोला एकच दार असेल आणि तिथे एक गाडी अडली, तर सकाळी सातच्या पाळीला सातपूर कॉलनी किंवा एबीबी सर्कलला उतरणारी माणसे उशिरा पोचणार. दोन बाजूंनी बाहेर पडता आले पाहिजे.

जागा पूररेषेच्या बाहेर हवी, हे नाशिककरांना समजावून सांगावे लागत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले यावर इथे पूर मोजतात. डेपो आणि वीज उपकेंद्र यांची जोत्याची उंची त्या अनुभवावर ठरवा.

देखभालीसाठी माणसे कुठून आणायची, हा प्रश्न तर इतर शहरांना पडावा. नाशिकरोडला मध्य रेल्वेची ट्रॅक्शन मोटर दुरुस्त करणारी कार्यशाळा आहे. रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी देशपातळीवरची संस्थाही नाशिकरोडलाच आहे. सातपूर-अंबडला स्विचगिअर, पॅनेल, यंत्रभाग बनवणारे कारखाने आहेत, आयटीआय आहेत. असे असताना देखभालीचे पूर्ण कंत्राट पंधरा वर्षांसाठी बाहेर देऊन शहराने हात झटकले, तर कंत्राट संपेल त्या दिवशी गाडी खोलून बघता येणारा एकही माणूस महापालिकेकडे किंवा महामेट्रोकडे नसेल.

७. सिंहस्थ

२०२६-२७ च्या सिंहस्थाचे नाव घेऊन घाई होऊ नये. नव्या गाडीचे आरेखन, पहिला नमुना, चाचण्या, आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेची तपासणी, मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र, या साखळीला सगळे सुरळीत गेले तरी दोन-अडीच वर्षे लागतात. या पर्वणीला गाडी धावणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करा आणि तोवर सिटीलिंक ही शहराची बससेवा नीट करा आणि तिच्या बसना राखीव मार्गिका द्या. पर्वणीच्या दिवसाची गर्दी धरून रोजचा ताफा ठरवणेही चूक आहे. रोजच्या पाळ्यांच्या गर्दीवर ताफा ठरवा आणि पर्वणीसाठी फलाटांवर गर्दी थोपवून धरण्याची जागा ठेवा.

आमच्या मागण्या

एक. गाडीची तांत्रिक विनिर्देशिका (लांबी, रुंदी, तळाची उंची, अ‍ॅक्सलभार, दारांची संख्या व रुंदी, वीजपुरवठा, किमान वळण) स्थापत्य कामाच्या कोणत्याही निविदेआधी मराठीत प्रसिद्ध करावी आणि हरकती-सूचनांसाठी ६० दिवस द्यावेत.

दोन. मेट्रो निओ, लाइट रेल आणि नेहमीची मेट्रो यांची ३० वर्षांच्या एकूण खर्चाची तुलना जाहीर करावी. त्यात ताफ्याची दुसरी खरेदी, टायर, बॅटऱ्या, चाके, चालकांचे पगार आणि डेपो धरलेले असावेत.

तीन. ताफ्याचा हिशेब गृहीतकांसह मांडावा : वेग, थांब्याचा वेळ, राखीव टक्केवारी, दर चौरस मीटरमागे उभे प्रवासी.

चार. एकाच उत्पादकाला बांधून ठेवणारी कोणतीही प्रणाली घेऊ नये. करारात सगळी आरेखने, सॉफ्टवेअर आणि निदान-साधने नाशिकच्या ताब्यात मिळण्याची, आणि उत्पादन बंद झाल्यास भाग दुसरीकडून बनवून घेण्याच्या हक्काची अट असावी. पहिल्या तीन वर्षांचे महत्त्वाचे सुटे भाग गाड्यांसोबतच यावेत.

पाच. अडकलेल्या गाडीतून प्रवासी बाहेर काढण्याचा आराखडा अग्निशमन दलाबरोबर बसून तयार करावा आणि प्रवासी सेवा सुरू होण्याआधी पूर्ण भरलेल्या गाडीवर त्याची जाहीर रंगीत तालीम घ्यावी.

सहा. डेपोची जागा आताच आरक्षित करावी आणि देखभालीच्या कामात पहिल्या दिवसापासून नाशिकचे तंत्रज्ञ असावेत. कंत्राटदाराकडून काम टप्प्याटप्प्याने त्यांच्या हाती येण्याचे वेळापत्रक करारातच असावे.

सात. सेवा सुरू झाल्यावर दर महिन्याला तीन आकडे प्रत्येक स्थानकावर लावावेत : ताफ्यात गाड्या किती, त्या महिन्यात रोज सरासरी किती धावल्या, आणि भागाअभावी किती उभ्या आहेत.

यांपैकी पहिल्या तीन मागण्यांना पैसा लागत नाही. कागद आपल्याकडे असतील तर ते उघड करावेत आणि नसतील तर तसे सांगावे. आपल्याला चर्चेसाठी माणसे हवी असतील, तर आम्ही हिशेबाचे कागद घेऊन राजीव गांधी भवनात येऊ, आपण द्याल ती वेळ आम्हाला चालेल. या पत्राला आपण लेखी उत्तर द्यावे आणि ते शहरालाही वाचायला मिळावे, अशी विनंती आहे.

आपले,
नाशिकमधील काही अभियंते, तंत्रज्ञ आणि रोजचे प्रवासी